ओढ्याकडचा कोपरा

मेयो परगण्यातलं ते सगळं शेत नांगरलं जायचं, पण ओढ्याकडच्या कोपऱ्याला कोलमननं मरेपर्यंत नांगर लावू दिला नाही. "तिथं पऱ्या राहतात," एवढंच म्हणायचा. त्याची बायको डिलिया जन्मभर टोमणे मारायची, "एवढा थोरला बाप्या, आणि पऱ्यांना भितो!"

आता मुलाला, डेक्लनला, नेमका तिथंच गोठा बांधायचा होता. शेताची जुनी हद्द कळावी म्हणून त्यानं परगण्याच्या जुन्यापुराण्या नकाशाची नक्कल आणली आणि आईच्या चहाशेजारी पसरली.

"आई, इथं पऱ्याबिऱ्या काही नाहीत गं. 'बालकांची दफनभूमी' असं लिहिलंय."

डिलियाच्या हातातला कप तसाच राहिला. तिची पहिली मुलगी बाप्तिस्म्याआधीच गेली होती. तसल्या बाळाला तेव्हा चर्चच्या आवारात जागा मिळायची नाही. कोलमन तिला शालीत गुंडाळून घेऊन गेला आणि रिकाम्या हातांनी परतला. कुठं ठेवली, हे बायकांनी विचारायचं नसे.

"मेल्या, सांगायचंस तरी!" कोलमनच्या फोटोकडे बघत ती रडता रडता हसली. "म्हणजे इतकी वर्षं पोर घरच्या शेतातच होती. मी मात्र परगणाभर तिला शोधत होते मनातल्या मनात."

डेक्लननं नकाशाची घडी घातली. "मग... गोठ्याचं काय करू?"

"दुसरीकडे बांध. आणि कुणी विचारलंच, तर सांग, तिथं आमची परी राहते."