टेकडीवरचा कळप

"आज पण न्हाई," रिकामी घागर ओसरीवर टेकवत प्रभावतीबाई म्हणाल्या. "एक खूर उमटला न्हाई चिखलात."

बाजेवर पडलेल्या अप्पारावांनी प्लास्टरातला पाय जरा सरकवला. "येतील," एवढंच ते बोलले.

बाईंना त्या एका शब्दाचाही राग आला. वाटूरच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा जीव गावामागच्या टेकडीवरल्या हरणांत अडकला होता. कळप तो केवढा, चिंकाऱ्यांचं दहा-बारांचं बिऱ्हाड. रानडुकरं मारायचा परवाना घेऊन बाहेरची बंदूकवाली मंडळी यायची आणि झुडपात जे हललं त्यावर गोळी झाडायची. डुकरांच्या नावाखाली हरणं जायची. बाईंनी वन विभागाचे उंबरे झिजवले, अर्ध्या गावाशी वाकडं घेतलं, तेव्हा कुठे नियम बदलला. कळप आहे तोवर या टेकडीवर परवाना नाही.

या नियमाच्या ठरावाला ग्रामसभेत शेवटी विरोधकांनीही हात वर केले; न करणारा एकच माणूस निघाला आणि तो बाईंच्याच घरातला. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण नवल तरी कशाचं? अप्पारावांनी जन्मभर शिकाऱ्यांना वाट दाखवली होती. बाई लग्न होऊन आल्या तेव्हा या ओसरीच्या भिंतीत हरणाच्या पायांच्या चार खुंट्या होत्या, खुरांसकट. त्यांवर साधा टॉवेल अडकवायलाही बाईंचा हात कधी धजावला नाही. त्या काढा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं घोशा लावला आणि अप्पारावांनी तो या कानाने ऐकून त्या कानाने सोडला. नियम झाला तेव्हा मात्र एक दिवस खुंट्या उपटलेल्या दिसल्या. "टाकल्या," ते म्हणाले. बाईंनी भोकं बुजवून तिथे बुद्धाची तसबीर लावली आणि शिकारी शेवटी नमला म्हणून शेजारणीला तोऱ्यात सांगितलं.

नमलेच होते म्हणा. नियम होण्याआधीच्या शेवटच्या शिकारीहून ते तापानं फणफणत आले होते. त्या दिवसापासून मटणाला शिवले नाहीत. वय झालं, दुसरं काय, असं बाई सगळ्यांना सांगायच्या.

गोळ्यांनी भेदरलेली हरणं पुढे कुणाच्या दृष्टीस पडली नाहीत. पण टेकडीवरच्या खळग्यात बाई रोज पाणी ओतायच्या आणि भोवतालच्या चिखलात रोज ताजे खूर असायचे. अप्पाराव पहाटेच फिरून यायचे. मागून ऊन वर आलं की बाई घागर घेऊन निघायच्या. वनरक्षक प्रीती मोबाइलवर खुरांचे फोटो काढून न्यायची. एकदा ती म्हणाली, "बाई, माग दिसतो, पण लेंडी एकही कशी दिसत नाही?"

"पाण्यापाशी घाण करतं का कुणी? माणसापेक्षा शहाणी असतात ती," बाईंनी तिला गप्प केलं होतं.

मग एका पहाटे अप्पाराव दवाने ओल्या खडकावरून घसरले, पाय मोडला. त्याच दिवसापासून कळपानेही पाठ फिरवली होती.

"उद्या प्रीतीचे साहेब येऊन राह्यले," बाई म्हणाल्या. "माग न्हाई दिसला तर परवाने परत चालू. होऊन जाईल तुमच्या मनासारखं."

"तसं न्हाई, प्रभा."

"मंग कसं? हात वर केल्ता का तुम्ही?"

"उचललाच न्हाई माझ्याच्यानं."

अंथरुणावरच्या माणसाला आपण टोचून बोललो, याचं बाईंना वाईट वाटलं. ओलसर डोळ्यांनी तसबिरीकडे बघत पडलेला हा माणूस आयुष्यात कुणाशी भांडला नव्हता. ना शिकाऱ्यांशी, ना बायकोशी. त्याच्याशी जरा मायेनं बोलायला हवं होतं, आणि ते फार आधीपासून.

"चहा टाकू का?" त्यांनी विचारलं.

"नको. एक काम कर. उद्या जल्दी जा टेकडीवर, साहेब यायच्या आधी. माझी फिरायची पिशवी घेऊन जा. दाराच्या मागं हाय."

"मला कशाला तुमची पिशवी?"

"पाणी ओतून झालं की उघड. जमंल तुला बराबर." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "न्हाई जमलं तर मंग राहू दे. माझं काही म्हणणं न्हाई."

असलं कोड्यातलं बोलणं बाईंना खपत नसे. त्या उठल्या, दारामागची पिशवी काढली. हाताला जड लागली. उद्यापर्यंत कोण थांबतंय, असं पुटपुटत त्यांनी ती ओसरीच्या उजेडात उपडी केली.

भिंतीवरच्या त्याच चारही खुंट्या पिशवीतून खाली पडल्या, आणि त्यांच्या खुरांच्या बेचक्यांत खळग्याजवळचा चिखल वाळून घट्ट बसला होता.