गुरुवारची पिशवी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि बघा. थंडीची सकाळ आहे. तोंडातून वाफ निघतेय. तुमच्या दंडावर आळीच्या मंडळाचा पिवळा पट्टा आहे आणि तुम्ही विजेच्या खांबाआड उभे आहात. सगळी आळी ज्याला शोधतेय, तो गुन्हेगार आत्ता तुमच्यासमोर वाकलाय. छाती धडधडेल की नाही? चिसातोची तशीच धडधडत होती.

"सापडल्या! या, सगळे या! सापडल्या!"

कावळ्यांपासून कचरा झाकणाऱ्या जाळीपाशी वाकलेल्या कुसुमोतो आजी दचकून सरळ झाल्या. हातात ओल्या कचऱ्याची पिशवी होती. आणि आज गुरुवार! गुरुवार बाटल्यांचा नि डब्यांचा. ओला कचरा मंगळवारी आणि शुक्रवारी, हे आळीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण मागे कुणीतरी गुरुवारीच पिशवी ठेवली, कावळ्यांनी ती फोडली आणि माशांची डोकी थेट देवळाच्या पायरीपर्यंत पसरली. शेजारची आळी अजून हसते. म्हणून मंडळाने पहारा ठेवायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांच्या आधी चिसातोने हात वर केला होता. ही जाळी तिच्या आजोबांनी आणली होती, ते मंडळाचे प्रमुख असताना. मग त्यांच्या नातीने पहारा द्यायचा नाही तर कुणी?

आज चिसातो उठली तेव्हा आजोबा बाहेरून येऊन चपला काढत होते. त्यांनी तिला पट्टा बांधून दिला. रोजच्यासारखं संत्रं सोलून दिलं. साल अखंड ठेवून त्याचा आठ पायांचा ऑक्टोपस करणं आळीत फक्त त्यांनाच जमतं.

"आज शाळा नाही का गं?"

"सुट्टी लागली ना, आजोबा."

दाराशी त्यांनी तेच पुन्हा विचारलं, तेव्हा चिसातो नुसती हसली होती.

चिसातोच्या हाकेने आळीतली दारं उघडली. मंडळाचे प्रमुख इमाझू काका उलटा स्वेटर घालून धावत आले.

"कुसुमोतोबाई? अहो, तुम्ही?"

"चुकलं माझं." आजी कमरेतून वाकल्या. पिशवी त्यांनी पोटाशी घट्ट धरली होती. "वय झालं. वार ध्यानात राहत नाही."

"वार राहत नाही, पण अंधारात गुपचूप यायचं बरं राहतं!" मागून कुणीतरी टोमणा मारला. लोक हसले. चिसातोही हसली, सगळ्यांत मोठ्याने.

इमाझू काका हसले नाहीत. "नव्या वर्षाचे भाताचे मोची-लाडू कांडताना उखळातला भात यंदा दुसरं कुणीतरी फिरवेल. या हातांचं लोक खाणार नाहीत, बाई."

उखळाजवळची ती जागा चिसातोच्या जन्माआधीपासून कुसुमोतो आजींची होती. आजींची मान आणखी खाली गेली.

"पिशवी दाखवा ना सगळ्यांना!" चिसातोने पिशवीचा कान ओढला.

"नको, बाळ," आजी तिच्या कानाशी पुटपुटल्या. "तू नको बघूस."

पण पारदर्शक पिशवी ती. चिसातोला दिसलं. चहाचा चोथा, माशाचे काटे आणि प्लास्टिकला चिकटलेला संत्र्याच्या सालीचा एक ऑक्टोपस. आठही पाय शाबूत. त्याच्याखाली आणखी एक, थोडा वाळलेला.

आजी पिशवी ठेवायला आल्याच नव्हत्या. उचलायला आल्या होत्या. कावळे हल्ली गुरुवारी का येत नाहीत, हे आळीत कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक होतं. शुक्रवार उजाडेपर्यंत चिसातोच्या घरचा वास त्या आपल्या घरात सांभाळत होत्या.

चिसातोचे कान पेटले. तिने पिशवीचा कान सोडला.

"काय गं, सापडला का?" बोळातून आजोबा झाडू घेऊन येत होते. बोटं संत्र्याने पिवळी झालेली, चेहरा नातीच्या कौतुकाने फुललेला. "कोण आहे तो बेशिस्त माणूस? बघू तरी!"

कुसुमोतो आजींनी घाईघाईने पिशवी कोटाआड ओढली.

चिसातोने दंडावरचा पट्टा सोडला आणि इमाझू काकांच्या हातात ठेवला. मग आजींच्या कोटाआडून पिशवी काढून घेतली, स्वतःच्या पोटाशी घट्ट धरली, आणि कमरेतून वाकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पिशवी आमच्या घरची आहे. मी ठेवली. वार माझ्याच ध्यानात राहत नाही."