चिनी चहाचं पाणी

पिंकीने पहिला घोट घेतला आणि तो तोंडात तसाच धरून ती मोरीकडे पळाली.

इंदूबाईचा जीव एवढासा झाला. पिंकी चीनमध्ये डॉक्टरकी शिकायला गेली, तेव्हा पहिल्याच सुट्टीत तिने हा चहा आणला होता. पु-अर त्याचं नाव. गोवरीसारखी दाबलेली काळी चकती. जितका जुना तितका चांगला, जपून ठेव, एवढं आईला सांगून पोरगी परत गेली. आणि इंदूबाईने जपायचं म्हणजे जपलं होतं. तुरीच्या डाळीच्या कोठीत, कडूनिंबाचा पाला घालून. दर उन्हाळ्यात पापड-कुरड्यांच्या शेजारी त्याला ऊनही दाखवलं होतं. आज पिंकी अमरावतीच्या दवाखान्यात नोकरीला लागल्याची खबर घेऊन आली, म्हणून कागद सोडला.

"माय, चहाले कोणी ऊन दाखवते का वं?" पिंकी तोंड पुसत हसत होती. "हा जवळचा सारा वास ओढून घेते. डाळ बी आली यात अन् पाला बी. पण ते जाऊ दे, वास सहन होईन. आपलं बोअरचं पाणी लय खारं हाये. याले गोड पाणी पायजे."

"मंग?"

"वरच्या पुऱ्यात फोन करतो. उत्तमराव भाऊ देतात ना भरून."

देतात भरून. इंदूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पाला म्या टाकला, ऊन म्या दाखवलं. तो दोष माया," ती म्हणाली. "पाणी खारं म्या नाई केलं."

घरात विहिरीचा दोर कधी लागलाच नव्हता. तिने अंगणातली कपड्यांची दोरी सोडली, ओले कपडे लेकीच्या हातात कोंबले आणि बादली घेऊन निघाली.

दर्यापूरकडच्या या खाऱ्या पट्ट्यात गोड पाण्याची विहीर म्हणजे नशीबच. गावात ती एकच होती आणि वरच्या पुऱ्यात, म्हणजे सवर्णांच्या वस्तीत, उत्तमरावांच्या दारापुढे होती. इंदूबाईची आई तिथे घागर खाली ठेवून लांब उभी राहायची. कोणी ओतलं तर घरी पाणी, नाही तर नाही. आता लांब उभं राहा असं कोणी म्हणत नाही. आता म्हणतात, तुम्ही कशाला त्रास घेता.

"इंदूबाई, फोन करा लागत होता ना," ओट्यावरून उत्तमराव म्हणाले. "ठेवा बादली तिथं. आत्ता भरून देतो."

माणूस वाईट नव्हता. मागितल्यावर त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. फक्त दोर कधी दुसऱ्याच्या हातात दिला नव्हता.

"मी काढतो, भाऊ."

"तुमी काहून तरास घेता? वय झालं आता. पाय घसरला म्हणजे?"

"घसरला तं माया घसरन."

ती विहिरीच्या काठावर चढली. दोरी बादलीला बांधली. भीती वाटत होती, हे तिने स्वतःपासूनही लपवलं नाही. बादली खाली गेली आणि पाण्यावर नुसती तरंगत राहिली. हिसका कसा द्यायचा ते तिला कोण शिकवणार होतं? शेजारच्या दोन बाया कामं सोडून बघायला लागल्या. उत्तमराव ओट्यावरून उतरले आणि त्यांनी हात पुढे केला.

"आणा इकडं."

इंदूबाईने दोरी मनगटाला आणखी एक वेढा देऊन घेतली. हिसका दिला. बादली हलली, पण भरली नाही. दुसऱ्यांदा चिडून दिला तेव्हा ती कलली आणि बुडाली. मग मात्र तिने थांबून श्वाससुद्धा घेतला नाही. ओढत राहिली. नायलॉनची दोरी तळहातात रुतली तरी ओढत राहिली.

भरलेली बादली तिने काठावर टेकवली आणि तिथेच उभ्याने ओंजळभर पाणी प्यायली. पाणी खरंच गोड होतं. आईची आठवण येऊन तिला रडू फुटणार होतं, पण इथे रडायचं नव्हतं.

"भाऊ, संध्याकाळी चहा प्याले या," तोंड पुसत ती म्हणाली. "पोरगी डॉक्टर झाली. तिनं चीनहून आणलेला चहा हाये, अन् पाणी तुमच्याच विहिरीचं."

उत्तमरावांनी एकदा त्या बायांकडे पाहिलं, एकदा आपल्या दाराकडे.

"आलो असतो, इंदूबाई. पण आज एकादशी हाये ना. मले उपास हाये."

इंदूबाईने बादली उचलली.

"उपासाले चहा चालते," ती म्हणाली. "अन् यात तं दूध बी नसते. या, वाट पायतो."