पहिला मान

काल पांढुर्ण्यात गोटमार झाली. नदीतल्या झेंड्यासाठी दोन्ही काठांवरच्या लोकांनी दरवर्षीसारखीच दगडांनी एकमेकांची डोकी फोडली. आज कॉलेजात नाव नोंदवायचा शेवटचा दिवस. फौजेतून सुटून आलेला गजेंद्र दुपारी बँकेवर पहारा द्यायचा, म्हणून त्याला सकाळचाच वर्ग हवा होता, आणि तिथं मोजक्याच जागा उरल्या होत्या. भिंतीवर नोटीस होती, ‘माजी सैनिकांची नोंदणी आधी’. तो सरळ खिडकीशी गेला.

"फौजी असान तुमच्या घरचे. लाइनीत लागा," बाबू मान वर न करता म्हणाला.

"नोटीस तुमीच लावली ना?"

"लावा लागते. वरून येते."

तेवढ्यात डोक्याला पट्टी बांधलेला एक पोरगा आला. बाबू ताडकन उठला. "काल यानंच झेंडा तोडला! सरका, याचं पहिले करून देतो." लाइनीतल्यांनी टाळ्या वाजवून वाट दिली. गजेंद्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं काळा चष्मा काढून खिडकीत आपटला.

उजव्या डोळ्याची रिकामी खोबण पाहून बाबूचा आवाज एकदम मऊ झाला. "अरे भाऊ, पहिलेच नाही का सांगायचं? कोणत्या सालची गोटमार?"

"गोटमार नाही. सरहद्दीवर गेला डोळा."

"असं का," बाबू परत खाली बसला. "मंग लाइनीतच लागा."