तनख्याची ओळ

कागदात तनखा लिहिलेला नव्हता.

युसूफ मुन्शीनं कागद तीनदा वाचला, मग उलटा करून कोऱ्या बाजूलाही नजर टाकली. टांगेवाल्या रहीमनं तो सकाळी छावणीच्या बाजारातल्या भिंतीवरून काढून आणला होता. 'जुनी उर्दू दफ्तरं वाचणारा मुन्शी पाहिजे. आज दुपारी दोनला कचेरीत समक्ष भेटावे.' बस्स, एवढंच.

"मग उठा की," चुलीपुढून त्याची बायको कमरुन्निसा म्हणाली. "शेरवानी काढून ठिवली दांडीवर." ती लासूर स्टेशनकडची. लग्नाला बारा वर्षं झाली, औरंगाबादचं पाणी अंगी लागलं, पण जिभेवरची गावची मराठी काही हलली नव्हती.

"मी जात नाही."

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं त्याला वर्ष उलटलं होतं, आणि मुन्शीला घरी बसवल्यालाही. डब्यात होतं नव्हतं ते ज्वारीचं पीठ आज परातीत आलं होतं. अशात नोकरी दाराशी चालून आलेली, आणि हा बाबा मांडी घालून कागद न्याहाळत बसलेला.

"का पण?"

"तनखा लिहिला नाही, पगाराचा आकडाच नाही. अठरा वर्षं कचेरीत नोकऱ्यांचे इश्तिहार लिहिलेत मी. पाणक्याची जागा असो, चपराशाची असो, तनख्याची ओळ असतेच. ती नसली तर ती नोकरी नसते, कमरू. बोलावणं असतं."

"कशाचं बोलावणं?"

"आत टाकायचं. जुन्या सरकारची माणसं दारोदार कुठं हुडकत फिरायची? भिंतीवर कागद लावला की आपल्या पायानं येतात."

ती हसली. "उपाशीपोटी डोकं फिरलं तुमचं. असं कुठं कुणी करतंय व्हय?"

"करतात."

"तुम्हाला काय ठावं?"

मुन्शीनं कागद मांडीखाली दाबला. हा प्रश्न कधीतरी येणार म्हणून दोन वर्षं तो उत्तर तयार ठेवून होता, चांगलं घोटून घेतलेलं खोटं उत्तर. पण भीतीनं माणसाचं सगळं पाठांतर जातं.

"मी लिहिला होता तसला एक," तो म्हणाला. "धान्य मापायला माणसं पाहिजेत म्हणून. साहेबांना लासूरकडची, निजामाविरुद्ध उठलेली नऊ माणसं हवी होती, सापडत नव्हती. मी विचारलं, तनखा कितना लिखूँ? तर हसले. म्हणाले, कुछ भी लिख दो. तेव्हा समजलं मला."

परातीतला हात थांबला.

ती नऊ माणसं तिला नावानिशी माहीत होती. नवं सरकार आल्यावर त्यातली आठ सुटून घरी आली. नववा बन्सी, तिच्या माहेरच्या शेजारणीचा, मनकर्णाबाईचा मुलगा. दर भाऊबीजेला कमरुन्निसा त्याला ओवाळायची. तो तुरुंगातच तापानं गेला.

"मी आकडा टाकला नाही," मुन्शी घाईघाईनं सांगत सुटला. "साहेब म्हणाले तरी नाही टाकला. म्हटलं, तनख्याची ओळ दिसली नाही की शहाण्याला संशय येईल. येणार नाहीत. तेवढं तरी केलं मी, कमरू. सगळे आले त्याला मी काय करू? कचेरीच्या ओसरीवर भाकरीची नऊ फडकी होती. आत नेल्यावर तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी चपराशानं फेकली."

"त्यांना उर्दू कुठं येत व्हतं?"

तिचा आवाज जराही चढला नव्हता, आणि त्याची मुन्शीला जास्त भीती वाटली.

"चावडीवर कुणीतरी वाचून दावलं असंल," ती म्हणाली. "कागदात हाय ते वाचून दावत्यात, आबेदाचे अब्बा. नाय ते कोण वाचून दावंल?"

अठरा वर्षं लेखणी घासलेल्या माणसाला एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती. त्या कोऱ्या जागेच्या भरवशावर तो दोन वर्षं रोज झोपत आला होता.

ती रडेल, शिव्या देईल, परात भिरकावेल, म्हणून तो वाट बघत राहिला. तिनं भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. दोनच भाकरी झाल्या. एक मुलीसाठी, आबेदासाठी, झाकून ठेवली. दुसरीवर चटणीचा गोळा ठेवून ती फडक्यात बांधली. मग उठून दांडीवरची शेरवानी त्याच्या मांडीवर टाकली.

"तू नको म्हण," तो हळूच म्हणाला. "एकदा म्हण, मी नाही जात."

"आबेदाला उद्या काय घालू?" ती म्हणाली. "नोकरी हाय का सापळा हाय, ते गेल्याबिगर कळायचं नाय. त्या नऊ जणांना बी गेल्यावरच कळलं."

मुन्शी उठला. शेरवानीची बटणं वरखाली लागली. रोज ती नीट करून द्यायची, आज तिनं हात लावला नाही. उंबऱ्यापाशी तो घुटमळला. घरातून निघताना तो नेहमी म्हणायचा, तेच त्याच्या तोंडून गेलं.

"येतो."

"बन्सीदादा बी मनकर्णामावशीला तेच म्हणला व्हता," ती म्हणाली, आणि तिनं भाकरीचं फडकं त्याच्या हातात दिलं.