घोड्यांच्या मागे

होमकमिंगच्या, म्हणजे शाळेच्या वार्षिक सणाच्या, मिरवणुकीत घोडे नेहमी शेवटी असतात. लीद कुठे टाकावी हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं, म्हणून. यंदा मात्र घोड्यांच्याही मागे शाळेची चार मुलं चालत होती आणि त्यांतली एक ड्वेनची मुलगी होती.

ड्वेन कोर्टासमोर उभ्या केलेल्या ट्रकवर माईक घेऊन उभा होता. बोलण्यात ड्राय फोर्क गावात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, त्यामुळे मिरवणुकीत कोण चाललंय ते सांगायचं काम दरवर्षी त्याच्याकडेच यायचं. रस्त्याच्या दोन्ही कडांना घडीच्या खुर्च्या टाकून अख्खं गाव बसलं होतं.

सकाळी निघताना डेलिया त्याला म्हणाली होती, "डॅड, फक्त एवढंच सांग. क्विझमध्ये आम्ही राज्यात पहिले आलो. बाकी काही नको."

"एवढंच? अगं, पोरगी कुणाची आहेस! ओरडून सांगतो गावाला."

फुटबॉलच्या पोरांचा ट्रक सगळ्यांत पुढे होता. या मोसमात पोरांनी एक सोडून सगळे सामने घालवले होते. तरी ड्वेननं एकेकाचं नाव घेतलं, त्याच्या बापाचं घेतलं, कुणाच्या दंडाचा घेर केवढा आहे तेही सांगितलं. "हे आपले वाघ!" म्हणाला तेव्हा म्हातारेकोतारेसुद्धा खुर्च्यांवरून उठून उभे राहिले.

मग शाळेचा बँड गेला, अग्निशमनची गाडी गेली, घोडे गेले. आणि ती चौघं आली.

दोघांनी दोन टोकांना कापडी फलक धरला होता. एका टोकाला डेलिया होती. ती लीद चुकवायला डावीकडे उडी मारायची, तर दुसऱ्या टोकाचा मुलगा उजवीकडे. फलकाला मधेच चुण्या पडायच्या आणि त्यावर काय लिहिलंय ते कुणाला वाचताच येत नव्हतं. लोक हसायला लागले. गस न्हावी खुर्चीतूनच ओरडला, "अरे, पुस्तकात बघा रे, पुस्तकात!"

त्यांना घोड्यांच्या मागे टाकायचं ठरलं त्या बैठकीला ड्वेन होता. "हुशार आहेत, चुकवतील," असं गस म्हणाला होता, आणि ड्वेन सगळ्यांबरोबर हसला होता.

त्यानं माईक तोंडाशी नेला. वाक्य तयार होतं, अगदी जिभेवर. पण समोर गाव हसत होतं, आणि हसणाऱ्या गावापुढे एकदम 'राज्यात पहिले' म्हणायला त्याला कसंसंच झालं. लोक म्हणतील, ड्वेनला शिंगं फुटली. पोरगी हुशार निघाली, तर आता आम्हाला शिकवायला निघाला.

"मंडळी," तो म्हणाला, "ही आपली हुशार पोरं! डोक्यात सगळी दुनिया आहे, पण पाय कुठे ठेवायचा ते काही कळेना!"

गाव खदखदून हसलं. गसनं तर मांडीवर थाप मारली.

डेलिया थांबली. तिनं वर, ट्रककडे पाहिलं. रागावली नव्हती ती, वाट बघत होती. पुढचं वाक्य येईल याची तिला खात्री होती. ड्वेनलाही वाटलं, हसू ओसरू दे, मग सांगू. पण ते ओसरत नव्हतं आणि ओसरावं असं त्यालाही फारसं वाटत नव्हतं. आपल्या बोलण्यावर गाव हसतं तेव्हा फार बरं वाटतं. पुढच्या चौकात बँडनं जोर धरला, कडेनं कुणीतरी "चला, चला" केलं आणि चौघं पुढे गेली.

ट्रकवरून उतरला तेव्हा लोकांनी त्याची पाठ थोपटली. प्रत्येक थापेनिशी त्याला आणखी लाज वाटत होती. एवढंसं वाक्य होतं. दुसऱ्याच्या पोरीसाठी त्यानं ते सहज म्हटलं असतं.

अग्निशमन केंद्राच्या अंगणात जेवणं चालू होती. ड्वेन दोन ताटल्या घेऊन डेलियाला शोधत राहिला. 'चुकलं माझं' असं म्हणायचं त्यानं ठरवलं होतं. ती घेवड्याच्या पातेल्यापाशी रांगेत सापडली. वाढायला शाळेची जुनी स्वयंपाकीण, मिस इर्मा, उभी होती.

"काय गं, मिरवणुकीत तू दिसलीच नाहीस," इर्मा म्हणाली. "कुठल्या गाडीवर होतीस?"

ड्वेन डेलियाच्या मागेच उभा होता. आता सांगायला काहीच हरकत नव्हती. गर्दी नव्हती, गस नव्हता, समोर नुसती एक म्हातारी होती. त्यानं तोंड उघडलं.

पण डेलियाला बापाची चाहूल लागली असावी. मागे न बघता ती घाईघाईनं म्हणाली, "गाडीवर कसली, मिस इर्मा! घोड्यांच्या मागे होते. लीद मोजायला. आमच्या टीमला तेवढंच जमतं!"

आणि इर्माच्या आधी तीच हसली, मोठ्यानं.

इर्माच्या हातातला डाव हिंदकळला. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसता पुसता तिनं ड्वेनकडे कौतुकानं पाहिलं.

"अगदी बापावर गेलीय हो!" ती म्हणाली.