गिरणीवाल्याची न्याहारी

खालच्या अंगणातून तव्यावर परतलेल्या डुकराच्या मांसाचा वास वर आला आणि खोलीतल्या बाराही पंचांच्या तोंडाला पाणी सुटलं.

"जमीनदाराच्या कारभाऱ्याने टेबल मांडलंय," खिडकीतून खाली बघत हॅमो लोहार म्हणाला. पंचांमध्ये तोच वडीलधारा. "निवाडा द्या आणि जेवायला या, असा निरोप आहे."

कालपासून ते इथे कोंडलेले होते. इंग्लंडच्या राजाचा कायदाच तसा. एकमत होईपर्यंत पंचांना अन्न नाही, पाणी नाही, शेकोटी नाही. अकरा जणांचं मत तासाभरात ठरलं होतं. विधवा अल्डिथाने जमीनदाराची मेंढी चोरली, तिला फाशी. फाशीनंतर तिचं शेत जमीनदाराच्या घशात जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्याच्या कारभाऱ्याशी वाकडं घ्यायची कुणाची छाती नव्हती. अडून बसला होता तो एकटा ऑस्बर्ट गिरणीवाला.

खरं तर पहिला हाच ढेपाळेल अशी सगळ्यांची खात्री होती. ऑस्बर्टची न्याहारी पंचक्रोशीत प्रसिद्ध. उजाडताच भट्टीतून निघालेली जवाची भाकरी, तिच्यावर वितळणारं लोणी, राखेत भाजलेला कांदा आणि शेवटी मधाचं बोट. प्रार्थनेआधी खाणं पाप आहे, असं पाद्रीबाबा बजावायचे. मग माझ्या नावावर रोजचं एक मांडत चला, असं हा सांगायचा. एवढ्या खादाड माणसाने उपाशीपोटी एक अख्खी रात्र काढली होती.

सिवाल शिंपी नाक फेंदारत त्याच्याजवळ सरकला. त्याने ऑस्बर्टच्या कमरेच्या पिशवीत हात घातला आणि पांढरा पाव बाहेर काढला. आत चीजचा जाड तुकडा होता.

"तरीच गडी टिकला," सिवाल म्हणाला. "आम्ही इथे मरतोय आणि हा चोरून चरतोय."

हॅमोने पाव उलटासुलटा करून पाहिला. तो कडक झाला होता, पण त्याला कुठे दात लागलेला नव्हता.

"काल दारातल्या गर्दीत कुणीतरी तो पिशवीत सरकवला," ऑस्बर्ट म्हणाला. "रात्रभर मांडीला लागत होता. एक घास घेतला असता तर आपला निवाडा रद्द, मग नवे बारा आणि अल्डिथाच्या गळ्यात दोर. हॅमोकाका, कालपासून सांगतोय, ती मेंढी पुरात मेली. मी स्वतः तिला माझ्या पाणचक्कीच्या चाकातून ओढून काढलंय. बारा शेजाऱ्यांनी म्हटल्याशिवाय कुणाला लटकवायचं नाही, एवढा एकच हक्क आपल्या आजोबा-पणजोबांच्या पदरात पडला. तो मी न्याहारीपायी विकणार नाही."

सिवालने पाव हळूच पिशवीत परत ठेवला. त्याला लाज वाटली होती, आणि लाज भुकेपेक्षा कडक निघाली. थोड्या वेळाने हॅमोने दार ठोठावलं.

खाली अंगणात न्यायाधीशांसमोर त्याने निवाडा सांगितला. निर्दोष. बाराही जणांचा. अल्डिथाने पंचांना हात जोडले.

कारभारी ताडकन उठला. "महाराज, हा निवाडा रद्द करा. या गिरणीवाल्याची झडती घ्या, याच्या पिशवीत पाव आहे. यांनी आत खाल्लंय."

न्यायाधीशांनी ऑस्बर्टकडे पाहिलं. ऑस्बर्टने पाव काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो सगळीकडून न्याहाळला आणि अख्खाच्या अख्खा परत केला.

"महाराज, माझी बायको जवाची भाकरी करते," ऑस्बर्ट म्हणाला. "तीनदा चाळलेलं असं पांढरं गव्हाचं पीठ मी अख्ख्या गावात एकाच घरासाठी दळतो."

मग तो मांडलेल्या टेबलाशी गेला, गरम मांसाकडे ढुंकूनही न बघता त्याने तो पाव कारभाऱ्याच्या ताटात ठेवला आणि म्हणाला, "घ्या कारभारी, तुमची न्याहारी."